पाताळगंगा नदी

पाताळगंगा ही महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पश्चिमवाहिनी नदी आहे. खंडाळा परिसरात उगम पावून ती खोपोली, रसायनी या भागांतून वाहते व धरमतर खाडीमार्गे अरबी समुद्रास मिळते. खोपोलीचे टाटा जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. तेथे वीजनिर्मितीनंतर लोणावळा परिसरातील धरणांचे पाणी या नदीत सोडले जाते. त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती राहते.

खाडीवरील परिणाम

नदीकाठी औद्योगिक वसाहती असून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिचा समावेश प्रदूषित नद्यांच्या यादीत केला आहे. खालापूर तालुक्याला समुद्रकिनारा नाही. तरीही तेथील सांडपाणी व प्लास्टिक या नदीवाटे खाडीत पोहोचू शकते. भरती-ओहोटीबरोबर हेलकावणारा कचरा खारफुटीच्या मुळांत अडकतो. मासे व कोळंबीची पिल्ले तेथेच वाढत असल्याने त्याची झळ मासेमारीलाही बसते.