व्हॅम्पायर, चेटकीण आणि युद्ध: या प्रेमकथा नेमक्या आल्या कुठून?

इन्स्टाग्रामवर पुस्तकांचे रील बघत असाल तर हा प्रकार तुमच्या फीडवर कधी ना कधी आलाच असेल. काळं-लाल कव्हर, फिकट चेहऱ्याचा नायक, हातातून ठिणग्या उडवणारी नायिका आणि मागे पेटलेलं शहर. तो व्हॅम्पायर, ती चेटकीण. दोघांच्या जमातींमध्ये वैर आणि बाहेर युद्ध सुरू.

या प्रकाराला 'पॅरानॉर्मल रोमान्स' म्हणतात. बरेच जण त्याला 'टाइमपास' म्हणून सोडून देतात. पण व्हॅम्पायर, चेटकीण आणि युद्ध या तिघांचं नातं लेखकांनी कल्पनेतून काढलेलं नाही. त्यामागे खरा इतिहास आहे आणि त्या इतिहासात खरी माणसं मेली आहेत.

पॅरानॉर्मल रोमान्स म्हणजे काय?

सोपी व्याख्या अशी: ज्या कथेत प्रेम हा मुख्य धागा असतो आणि प्रेमात पडणाऱ्यांपैकी किमान एक जण माणूस नसतो, ती पॅरानॉर्मल रोमान्स. भयकथेत व्हॅम्पायरला मारायचं असतं, इथे त्याच्यावर प्रेम करायचं असतं.

हा बदल हळूहळू झाला. जॉन पॉलिडोरीची 'द व्हॅम्पायर' ही कथा १८१९ मध्ये आली आणि देखणा, उमराव घराण्यातला रक्तपिपासू पहिल्यांदा लोकप्रिय झाला. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' आला, पण तो खलनायकच राहिला. १९७६ मध्ये ॲन राइस यांनी 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये व्हॅम्पायरला स्वतःची गोष्ट सांगू दिली. मग २००५ मध्ये स्टेफनी मायर यांचं 'ट्वायलाइट' आलं आणि व्हॅम्पायर जगभरच्या किशोरवयीन वाचकांचा हिरो झाला.

व्हॅम्पायर युरोपभर पसरला तो युद्धामुळे

व्हॅम्पायर म्हटलं की ट्रान्सिल्व्हेनियाचा किल्ला आठवतो. पण पश्चिम युरोपात व्हॅम्पायरची चर्चा सुरू झाली ती सर्बियातल्या खेड्यांमुळे.

१७१६ ते १७१८ या काळात ऑस्ट्रियाचं हॅब्सबर्ग साम्राज्य आणि ऑटोमन तुर्क यांच्यात युद्ध झालं. १७१८ च्या तहानंतर सर्बियाचा उत्तर भाग ऑस्ट्रियाकडे आला. नवे अधिकारी तिथे गेले आणि चक्रावले. गावात लागोपाठ मृत्यू झाले की लोक जुनं प्रेत उकरून काढत होते, त्याच्या छातीत खुंटी ठोकून ते जाळत होते.

१७२५ मध्ये पेटार ब्लागोयेविच नावाच्या गावकऱ्याचं प्रकरण व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आलं. १७३२ मध्ये योहान फ्लुकिंगर या लष्करी शल्यचिकित्सकाने मेद्वेजा गावातल्या उकरलेल्या प्रेतांचा अहवाल लिहिला. त्यात अर्नोल्ड पाओले या माणसाची हकीकत होती. आपल्याला तुर्कांच्या ताब्यातल्या मुलखात व्हॅम्पायरने त्रास दिला होता, असं तो जिवंतपणी सांगायचा. हा अहवाल युरोपभर गाजला आणि 'व्हॅम्पायर' हा शब्द त्याच वर्षी इंग्रजी वृत्तपत्रांतही पोहोचला.

खरं कारण साधं होतं. मृतदेह कुजताना पोटात वायू साठतो, शरीर फुगतं आणि तोंडातून रक्तासारखा द्रव बाहेर येतो. कातडी आकसल्यामुळे नखं वाढल्यासारखी दिसतात. साथीच्या रोगाने माणसं पटापट मरत असतील तर घाबरलेल्या गावाला एवढा 'पुरावा' पुरतो. शेवटी १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपला वैद्य गेरार्ड व्हान स्विटेन याच्या अहवालानंतर प्रेतं उकरण्यावर बंदी घातली.

म्हणजे सीमेवरचा, युद्धाने पोळलेला मुलूख, रोगराई आणि भीती यातून हा व्हॅम्पायर बाहेर पडला.

चेटकिणींचं काय?

तिथेही गोष्ट फार वेगळी नाही. युरोपात चेटकीण ठरवून माणसं मारण्याचा प्रकार साधारण १५६० ते १६५० या काळात सर्वात जास्त झाला. धर्मावरून पेटलेली युद्धं, दुष्काळ आणि पडलेली पिकं यांचा हा काळ. १६१८ ते १६४८ चं तीस वर्षांचं युद्धही यातच आलं. इतिहासकारांच्या अंदाजानुसार पंधराव्या ते अठराव्या शतकात युरोपात ४० ते ६० हजार लोकांना चेटकाच्या आरोपावरून मृत्युदंड दिला गेला. त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या.

अमेरिकेतलं सेलम प्रकरण १६९२ चं. तिथे १९ जणांना फाशी दिली गेली आणि एका वृद्धाला अंगावर दगड रचून मारण्यात आलं. इतिहासकार मेरी बेथ नॉर्टन यांनी २००२ मधल्या पुस्तकात या प्रकरणाचा संबंध उत्तर सीमेवर वाबानाकी आदिवासी आणि फ्रेंचांशी चाललेल्या युद्धाशी जोडला आहे. आरोप करणाऱ्यांपैकी काही जणी त्या युद्धात घरदार गमावून आलेल्या होत्या.

थोडक्यात, बाहेरचा शत्रू आवरेना की समाज घरातला शत्रू शोधतो. सेलममध्ये फासावर गेलेली पहिली व्यक्ती होती ब्रिजेट बिशप. हे नाव लक्षात ठेवा.

'अ डिस्कव्हरी ऑफ विचेस': दोघांना एकत्र आणणारी कथा

(इथून पुढे कथेतल्या काही गोष्टी उघड होतील.)

२०११ मध्ये डेबोरा हार्कनेस यांची 'अ डिस्कव्हरी ऑफ विचेस' ही कादंबरी आली. २०१२ मध्ये 'शॅडो ऑफ नाइट' आणि २०१४ मध्ये 'द बुक ऑफ लाइफ' हे पुढचे भाग आले. २०१८ ते २०२२ या काळात त्यावर तीन सीझनची मालिकाही झाली. तिच्यात टेरेसा पामर आणि मॅथ्यू गुड मुख्य भूमिकेत आहेत.

हार्कनेस या मुळात विज्ञानाच्या इतिहासाच्या प्राध्यापक. त्यामुळे त्यांची नायिका डायना बिशपही इतिहासकार आहे आणि कथेनुसार ती सेलमच्या त्याच ब्रिजेट बिशपची वंशज. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात ती 'अश्मोल ७८२' नावाचं हस्तलिखित मागवते आणि सगळी गडबड सुरू होते. गंमत म्हणजे अश्मोल ७८२ हा क्रमांक खरा आहे. हे हस्तलिखित बोडलियनच्या सूचीत नोंदलेलं आहे, पण प्रत्यक्षात हरवलेलं आहे.

नायक मॅथ्यू क्लेअरमाँट सुमारे दीड हजार वर्षांचा व्हॅम्पायर आणि आधुनिक काळातला शास्त्रज्ञ. कथेतल्या जगात माणसांखेरीज तीन जमाती आहेत: व्हॅम्पायर, चेटके आणि डीमन. तिघांचा एक करार आहे. एका जमातीने दुसऱ्या जमातीत प्रेम किंवा लग्न करायचं नाही. हा करार राबवायला नऊ जणांची पंचायतच आहे, प्रत्येक जमातीचे तीन सदस्य.

डायना आणि मॅथ्यू हा करार मोडतात. ही गोष्ट परकी वाटते का? जातीबाहेर लग्न केलं म्हणून घर सोडून पळालेल्या जोडप्याची बातमी आपण वाचलेलीच असते. 'सैराट' बघितलेल्या माणसाला ही पंचायत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

यात युद्ध कुठे येतं?

बऱ्याच ठिकाणी. मॅथ्यूचे वडील फिलीप यांना दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पकडून त्यांचा छळ केला होता आणि त्यात चेटक्यांचाही हात होता. म्हणून मॅथ्यूची आई इझाबो चेटकीण सुनेला सुरुवातीला दारातही उभं करायला तयार नसते. तिचा राग जातीय द्वेषासारखा दिसतो, पण त्याच्या मुळाशी युद्धातली जखम आहे.

दुसऱ्या भागात दोघं काळात मागे, १५९० च्या इंग्लंडमध्ये जातात. तेव्हा इंग्लंडचं स्पेनशी युद्ध चालू होतं आणि मॅथ्यू राणी एलिझाबेथचा हेर म्हणून वावरतो. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकचे चेटूक खटले सुरू झाले होते. म्हणजे नायिका चेटकिणींना मारण्याच्या काळातच जाऊन पोहोचते. २०१८ च्या 'टाइम्स कन्व्हर्ट'मध्ये मार्कस या पात्राची गोष्ट आहे आणि तो व्हॅम्पायर होतो तो अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात.

इतके व्हॅम्पायर माजी सैनिकच का?

एकदा बघायला लागलं की हे सगळीकडे दिसतं. 'ट्वायलाइट'मधला जॅस्पर अमेरिकन यादवी युद्धातला मेजर. 'ट्रू ब्लड'मधला बिल कॉम्प्टन त्याच युद्धातला सैनिक. 'द व्हॅम्पायर डायरीज' मालिकेतले साल्व्हातोर भाऊ व्हॅम्पायर होतात १८६४ मध्ये, हेच युद्ध चालू असताना.

कारण समजण्यासारखं आहे. लेखकाला असा नायक हवा असतो ज्याने माणसं मारली आहेत, पण ज्याला त्याची टोचणी आहे. सैनिकाच्या बाबतीत दोन्ही शक्य असतं. रक्ताची तहान आवरणारा व्हॅम्पायर आणि युद्धाहून परतलेला, झोप उडालेला माणूस या दोन गोष्टी एकमेकांवर सहज बसतात.

पण इथेच सावध राहायला हवं. जॅस्पर आणि बिल दोघंही दक्षिणेच्या बाजूचे, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या सैन्यातले. प्रेमकथेच्या धुक्यात ही बाब विरून जाते. या प्रकारावर आणखी एक आक्षेप आहे. शंभर वर्षांचा नायक सतरा वर्षांच्या मुलीवर पाळत ठेवतो आणि ते 'काळजी' म्हणून खपवलं जातं. 'तो चिडतो कारण त्याचं खूप प्रेम आहे' हे वाक्य कथेत गोड वाटलं तरी खऱ्या नात्यात ती धोक्याची खूण असते. चेटकीण नायिका असलेल्या कथांना इथे थोडा फायदा मिळतो. तिच्याकडे स्वतःची ताकद असते, त्यामुळे ती फक्त वाचवली जाण्याची वाट बघत बसत नाही.

मराठीत असं काही आहे का?

आपला वेताळ तुम्हाला माहीत आहेच. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये त्याच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा पुस्तकाच्या नावात त्याला थेट 'व्हॅम्पायर' केलं. पण वेताळ रक्त पीत नाही, तो कोडी घालतो. खऱ्या अर्थाने रक्तपिपासू मराठीत आणला तो नारायण धारप यांनी. त्यांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली कादंबरी आजही वाचली जाते.

चेटकिणीची गोष्ट मात्र आपल्याकडे फक्त पुस्तकात नाही. एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवून मारहाण करणं, गावाबाहेर काढणं हे प्रकार घडलेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी फीडवर व्हॅम्पायर आणि चेटकिणीचं कव्हर दिसलं तर जरूर वाचा, मजा येते. फक्त ब्रिजेट बिशप आठवा. तिच्या हातातून ठिणग्या उडत नव्हत्या आणि तिला वाचवायला कोणी व्हॅम्पायर आला नाही. १० जून १६९२ रोजी तिला फाशी दिली ती घाबरलेल्या शेजाऱ्यांनी दिलेल्या साक्षींवरून.