वडीलधाऱ्यांच्या अनुभवाहून तरुण असलेला रोग

१/७
यवतमाळमध्ये पावसाळा सरला की गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. एखादे घरी येते आणि आठवडाभरात अन्न सोडते, ओकू लागते. वडीलधारे सांगतात, “काहीतरी खाल्लं असेल, दोन दिवसांत बरं होईल.” सल्ला अनुभवाचाच, पण पिल्लाला झालेला रोग कदाचित त्या अनुभवाहून तरुण असेल.

२/७
त्याचे नाव पार्व्हो. १९७८ साली अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलियात कुत्री रक्ताच्या हगवणीने मरू लागली. दोनेक वर्षांत साथ जगभर पसरली. मांजरांमधील जुन्या विषाणूच्या एका आप्ताने रूप पालटून कुत्र्यांत प्रवेश केला होता. त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती कोणत्याच कुत्र्यात नव्हती.

३/७
कॉर्नेल विद्यापीठातील लेलंड कारमायकेल व मॅक्स अ‍ॅपल यांनी त्यावर लस विकसित केली. भारतातील नोंद १९८२ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झाली. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ चे. म्हणजे तेथील पहिल्या तुकड्यांनीही हा रोग पुस्तकात वाचलेला नव्हता. मग तो घरच्या शहाणपणात कोठून येणार?

४/७
हा विषाणू आतड्याच्या अस्तरातील झपाट्याने वाढणाऱ्या पेशी आणि रक्तातील पांढऱ्या पेशी नष्ट करतो. शरीरातील पाणी वेगाने घटते, जंतू रक्तात शिरतात. इवल्या देहात साठा तो किती? वाट पाहण्याचे ते ‘दोन दिवस’च घातक ठरतात.

५/७
मलूलपणा, अन्न सोडणे, वारंवार उलट्या, दुर्गंधीयुक्त वा रक्तमिश्रित जुलाब दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. माणसांची औषधे देऊ नयेत, बळजबरीने दूध पाजू नये. उपचाराचा कणा म्हणजे सलाईन. सोबत उलटी थांबवणारी औषधे व प्रतिजैविके. वेळेत उपचार झाल्यास बहुतेक पिल्ले वाचतात.

६/७
विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. फिनेलवर विसंबू नये. पाण्यात मिसळलेले ब्लीच वापरावे. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, वय सोळा आठवडे होईपर्यंत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे आरंभीची लस निष्प्रभ करू शकतात. म्हणून एका मात्रेवर थांबू नये.

७/७
परंपरेचा अनादर करण्याचे कारण नाही. तिने जे पाहिले, तेच तिने सांगितले. १९७८ नंतरचे सांगणे आपल्या पिढीकडे आले आहे. आज घरातले पिल्लू कोपऱ्यात निपचित पडले असेल, तर हा धागा येथेच सोडा आणि त्याला घेऊन निघा.