समुद्रातली बुरशी, मळीचं पाणी
दोनापावलातल्या एका संशोधनाची वाटचाल

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. मांजरा-तेरणेच्या काठी ऊस मात्र आहे. उसामागोमाग मळी येते, आणि मळीपासून अल्कोहोल काढलं की मागं उरतं ते काळंभोर सांडपाणी. ते ओढ्यात गेलं तर उजेड तळापर्यंत पोचत नाही आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. त्याला रंग देणारं मेलॅनॉइडिन हे द्रव्य जिवाणूंना सहजी पचत नाही. हा रंग उतरवणारी एक बुरशी सापडली, ती थेट समुद्रात. ती शोधणाऱ्या संस्थेचा मळीशी काही संबंध नव्हता. म्हणूनच या शोधाची वाटचाल सांगण्यासारखी आहे.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1 जानेवारी 1966 रोजी स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून आपल्या समुद्राबद्दल माहितीचा मोठा साठा हाती आला होता. ते काम पुढे चालवायला कायमचं घर हवं होतं. डॉ. एन. के. पणिक्कर पहिले संचालक झाले. पुढे गोव्यात, दोनापावलाच्या टेकडीवर संस्थेचं मुख्यालय उभं राहिलं. 1976 मध्ये ‘गवेषणी’ हे संशोधन जहाज आलं, आणि 26 जानेवारी 1981 रोजी त्याच जहाजानं अरबी समुद्राच्या तळातून बहुधातू गोटे वर काढले. वर्तमानपत्रांत गाजली ती अशी कामं. बुरशीचं काम शांतपणे, सूक्ष्मदर्शकाखाली चाललं होतं.

समुद्रात बुरशी असते, हेच पूर्वी फार कुणी मनावर घेत नसे. 1846 मध्ये भूमध्य समुद्रातल्या सागरी गवतावर एका बुरशीची नोंद झाली. आपल्याकडे 1958 मध्ये बेकर आणि कोलमेयर या जर्मन संशोधकांनी मासेमारीच्या होड्यांचं लाकूड कुजवणाऱ्या सागरी बुरशींवर लिहिलं. कोळ्यांना होडीचं लाकूड मऊ पडतं हे ठाऊक होतंच; त्यामागचा जीव कोणता, हे आता कळलं.

किनाऱ्यावरची ही बुरशी छत्रीसारखी दिसत नाही. वाहून आलेल्या ओंडक्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतात, ती तिची फळं. कोरोलोस्पोरा नावाची बुरशी तर चक्क वाळूच्या कणाला चिकटून वाढते. तिच्या बीजाणूंना बारीक उपांगं असतात. ती लाटांच्या फेसात अडकतात, म्हणून अभ्यासक किनाऱ्यावरचा फेसही बाटलीत भरून आणतात. ओंडक्याचे तुकडे ओलसर डब्यात महिनोन् महिने ठेवायचे आणि काय उगवतं ते पाहायचं, ही यातली खरी पद्धत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1980 च्या दशकात बी. डी. बोरसे यांनी अशा नोंदी चिकाटीनं प्रसिद्ध केल्या.

दोनापावलात शेषगिरी आणि चंद्रलता रघुकुमार यांनी प्रश्न थोडा वेगळा घेतला. कोणत्या बुरशी आहेत, यापुढे जाऊन त्या करतात काय? कांदळाचं पान चिखलात पडलं की त्यावर बुरशी आणि थ्रॉस्टोकायट्रिड नावाचे बुरशीसारखे जीव चढतात. पान कुजतं ते यांच्यामुळे, आणि कुजता कुजताच खेकड्या-कोळंबीसाठी अधिक पोषक होतं. खाडीतल्या मासळीचा पाया असा सडक्या पानात असतो.

याच वाटेवर प्रवाळांनी वेढलेल्या उथळ पाण्यातल्या कुजक्या सागरी गवतावरून एक बुरशी वेगळी काढली गेली: फ्लॅवोडॉन फ्लॅवस, संस्थेच्या संग्रहातला क्रमांक 312. ही पांढरी कूज करणारी जात. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन फोडणारी विकरं तिच्यात आहेत, हे 1999 मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांसोबत दाखवलं गेलं. लिग्निन फोडणारं हत्यार रंगही फोडतं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या बुरशीनं मळीच्या सांडपाण्याचा रंग आठ दिवसांत 80 टक्के उतरवला. 2004 मध्ये तिला फोमच्या तुकड्यांवर वाढवून रंगाबरोबर विषारीपणाही कमी होतो का, हे तिलापिया माशांवर तपासलं गेलं आणि तो कमी झाल्याचं दिसलं. खाऱ्या पाण्यातली असल्यानं क्षारांचं तिला वावडं नाही, हा आणखी फायदा.

काम किनाऱ्यावर थांबलं नाही. बहुधातू गोट्यांच्या शोधासाठी हिंदी महासागराच्या मध्यभागातून, सुमारे 5,000 मीटर खोलीवरून आलेल्या गाळातही बुरशी मिळाली. छागोस खंदकातल्या गाळाच्या लांबलचक नमुन्यात 1.8 ते 4.3 लाख वर्षांपूर्वीच्या थरांतून जिवंत बुरशी वाढवता आली. 2009 मध्ये गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या गाळातली बुरशी प्राणवायूविना नायट्रेटवर जगू शकते, हे सिद्ध झालं.

प्रयोगशाळेतल्या चंबूपासून कारखान्याच्या टाकीपर्यंतचं अंतर मोठं असतं. बुरशीला हवा लागते, खाद्य लागतं, इतर जंतूंशी टक्कर द्यावी लागते. पण संग्रहात 312 क्रमांकाची कुपी नसती, तर हा प्रयोग सुरूच झाला नसता. कामाची निघेल की नाही, हे माहीत नसताना जपून ठेवणं, हीच या संस्थेची खरी कमाई.

धाराशिवच्या महाविद्यालयांतल्या मुलांना समुद्रापर्यंत जायची गरज नाही. ऊस तुटल्यावर शेतात पाचट पडतं आणि बहुतेकदा ते पेटवलं जातं. या हंगामात काडी लावण्याआधी ओलसर पाचट एकदा उचकटून पाहा. खाली पांढरी जाळी दिसली, तर थोडी डबीत भरा, तारीख लिहा आणि क्रमांक 1 टाका.