शेवरोले कॉर्व्हेअर : सुरक्षा कायद्यास निमित्त ठरलेली मोटार

विसाव्या शतकाच्या मध्यावरील अमेरिकी कौटुंबिक मोटारींमध्ये शेवरोले कॉर्व्हेअरचे स्थान वेगळे आहे. लहान आकाराच्या युरोपीय मोटारींना, विशेषतः फोक्सवॅगन बीटलला, अमेरिकेत मिळणारा वाढता प्रतिसाद लक्षात घेऊन जनरल मोटर्सने ती ऑक्टोबर १९५९ मध्ये बाजारात आणली.

तत्कालीन अमेरिकी मोटारींचे इंजिन पुढे असे व ते पाण्याने थंड केले जाई. कॉर्व्हेअरचे सहा सिलिंडरचे, ॲल्युमिनियमचा मोठा वापर केलेले इंजिन मागे होते आणि ते हवेने थंड होत असे. त्यामुळे आतील जमीन जवळपास सपाट राहून कुटुंबास ऐसपैस जागा मिळे. तथापि मोटारीचा बराचसा भार मागील चाकांवर येत असे. मागील बाजूस स्विंग ॲक्सल असल्याने वेगात तीव्र वळण घेताना चाक आत मुडपून मोटारीवरील ताबा सुटण्याचा संभव होता. यावर उपाय म्हणून कंपनीने पुढील टायरमध्ये १५ पौंड व मागील टायरमध्ये २६ पौंड हवेचा दाब ठेवण्यास सांगितले होते. मात्र हा फरक अनेक मालकांच्या लक्षात येत नसे.

कंपनीने १९६४ च्या मॉडेलमध्ये सुधारणा केल्या, तर १९६५ मध्ये मागील रचनाच बदलली. परंतु त्याच वर्षी वकील राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले प्रकरण कॉर्व्हेअरविषयी होते. नेडर यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावल्याबद्दल कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना मार्च १९६६ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे क्षमा मागावी लागली. त्या एका वर्षात अमेरिकेतील रस्ते अपघातांत ५० हजारांहून अधिक जण मृत्युमुखी पडले. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. मोटारींसाठी देशव्यापी सुरक्षा मानके त्यामुळे बंधनकारक झाली. १९६८ पासून नव्या मोटारींत सीटबेल्ट सक्तीचे झाले.

कॉर्व्हेअरचे उत्पादन मे १९६९ मध्ये थांबले. तोपर्यंत १७ लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या होत्या. १९६० ते १९६३ या काळातील कॉर्व्हेअर समकालीन मोटारींपेक्षा अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष सरकारी चाचण्यांनंतर १९७२ मध्ये काढण्यात आला. मोटारीस हा निर्वाळा उशिरा मिळाला. तिच्या निमित्ताने झालेला कायदा मात्र टिकून राहिला.