निकोप पुरुषत्व
निकोप पुरुषत्वाची कल्पना, पुरुषत्व जन्मजात नसून समाजाने घडवलेले व म्हणूनच बदलता येण्याजोगे असते, या गृहीतकावर उभी आहे. रेविन कॉनेल या ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञेने ‘मॅस्क्युलिनिटीज’ (१९९५) या ग्रंथात वर्चस्ववादी पुरुषत्वाची, म्हणजे स्त्रियांवरच नव्हे तर इतर पुरुषांवरही हुकमत गाजवणाऱ्या आदर्शाची, चिकित्सा केली. महाराष्ट्रात मात्र ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) या निबंधात पुरुषांच्या दुटप्पी नीतीची झडती शतकभर आधीच, आणि कितीतरी धारदार भाषेत, घेतली होती. मुंबईत १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘मावा’ ही संस्था स्त्रियांवरील हिंसा रोखण्यासाठी तरुण पुरुषांशीच संवाद साधते. कुटुंबाचा रक्षणकर्ता पुरुष हा आदर्श सौम्य भासला, तरी त्यात स्त्रीचे दुय्यमत्व गृहीत राहते, हा स्त्रीवादी आक्षेप या चर्चेत महत्त्वाचा ठरतो.