वस्ताद आणि सर

‘जो स्वतः कधी खेळला नाही, तो पोरांना काय शिकवणार?’ शाळेच्या मैदानाच्या कडेला हा प्रश्न हमखास ऐकू येतो. धाराशिव जिल्ह्याच्या क्रीडा-इतिहासात त्याची दोन उत्तरे सापडतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिले उत्तर तालमीतले. वस्ताद म्हणजे कधीकाळी मैदान गाजवलेला पैलवान, हे तिथे गृहीतच असते. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे त्याचे ठळक उदाहरण. ते गाव आज लातूर जिल्ह्यात मोडते. पण १९८२ च्या विभाजनापर्यंत ते उस्मानाबाद जिल्ह्याचेच होते. १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णविजेते बिराजदार पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मल्ल घडवू लागले. त्यांचे शिष्य काका पवार अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले, मग स्वतः वस्ताद झाले. या दोघांच्या हाताखाली तयार झालेल्या राहुल आवारेने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले. हे असे चालते, कारण कुस्तीचा डाव अंगाला अंग भिडवूनच शिकवावा लागतो. पट्ठ्याची पकड कुठे ढिली पडली, हे वस्तादाच्या डोळ्यांआधी हाताला कळते.

दुसरे उत्तर खो-खोचे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधले, तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. खो-खोला तालमीसारखी गुरुपरंपरा लाभली नाही. खेड्यात शाळेचे पटांगण हीच त्याची तालीम आणि शारीरिक शिक्षणाचे सर हेच वस्ताद. सरांना कबड्डी, धावणे, लांब उडी सगळेच बघावे लागते; प्रत्येक खेळात ते राज्य पातळीवर खेळलेले असतील, ही अपेक्षाच चुकीची.

याच जिल्ह्याची सारिका काळे २०१६ च्या गुवाहाटी दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरच्या ओढाताणीमुळे २०१६ मध्येच आपण खेळ सोडायला निघालो होतो, असे तिने मुलाखतीत सांगितले आहे. आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली, त्यांनी समजूत काढली आणि ती मैदानावर परतली. कलाटणीचा क्षण म्हणून तिला आठवते ती ही समजूत. खांबाजवळचा सूर किंवा हुलकावणी नव्हे.

मुंबईत शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांनी तेंडुलकर, कांबळी घडवले. त्यांच्या स्वतःच्या नावावर प्रथम श्रेणीचा सामना अवघा एक.

म्हणून खेळल्याचा अनुभव निरुपयोगी, असे मात्र म्हणता येणार नाही. पाठलाग करणाऱ्याचा खांदा कुठे वळला यावरून तो कोणाला खो देणार हे ओळखणे, साखळीत पावले कशी टाकायची, गुडघा न फोडता सूर कसा मारायचा, हे न खेळलेल्याला नीट दाखवता येत नाही. पण त्यासाठी राष्ट्रीय पदक लागत नाही. काही वर्षे अंगाला माती लागलेली असली की पुरे. उलट ज्याला सगळे सहज जमले, त्याला न जमणाऱ्या पोराची अडचण पुष्कळदा दिसतच नाही. बारा वर्षांची मुलगी आज सरावाला का आली नाही, हे विचारायला तिच्या घरी जाणारा माणूस लागतो. तो गुण पदकांच्या यादीवरून ओळखता येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवून जिंकला. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. अशी पुढची मुलगी हवी असेल, तर ‘सर कुठे खेळलेत?’ एवढ्यावरच त्यांना नाकारणे आपल्याला परवडणारे नाही. खेड्यातल्या मुलीला दुसरा प्रशिक्षक मिळणारच नसतो.

सारिका काळे पुढे तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. मैदान आणि घर, दोन्हीकडची अडचण तिने स्वतः सोसलेली आहे. वस्ताद आणि सर एकाच माणसात मिळाले तर सोन्याहून पिवळे. पण एकच निवडायची वेळ आली, तर लहान मुलांसाठी मी सरांना निवडेन.