शीर्षकातले प्रश्नचिन्ह

१९७० साली बांग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश डॉक्टर ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या उमानाक भागात रक्ताचे नमुने गोळा करायला गेले. सील आणि मासे हे तिथल्या इनुइट लोकांचे मुख्य अन्न. इतकी चरबी खाणाऱ्या या माणसांत हृदयविकाराने मरणारे थोडेच, असे सरकारी आरोग्य-नोंदींवरून दिसत होते. ते का, हे त्यांना शोधायचे होते. १३० जणांच्या रक्ताची तपासणी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. डेन्मार्कमधल्या लोकांपेक्षा इनुइटांच्या रक्तात काही घातक मेद बरेच कमी होते. पुढे या दोघांचे लक्ष समुद्री अन्नातल्या एका मेदाम्लावर स्थिरावले. त्यामुळे रक्ताच्या गुठळ्या आणि धमन्यांचे कठीण होणे टळत असेल का, यावरचा त्यांचा लेख १९७८ मध्ये आला. त्याच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते.

हे प्रश्नचिन्ह पुढे कसे गळून पडले, ते हृदयाच्या बाबतीत पुष्कळांनी लिहिले आहे. मूत्रपिंडाची कथा तेवढी सांगितली जात नाही.

मूत्रपिंडात रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे सूक्ष्म पुंजके असतात. एकेका मूत्रपिंडात साधारण दहा लाख. माणूस लठ्ठ झाला म्हणून त्यांची संख्या वाढत नाही. आहेत त्यांनाच जास्त रक्त गाळावे लागते. ते फुगतात, कालांतराने त्यांवर वण पडतात आणि रक्तातले प्रथिन लघवीत गळू लागते. १९७४ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी अतिलठ्ठ रुग्णांत असे प्रथिन जाताना पाहिले. वजन उतरल्यावर ही गळती कमी झाल्याचीही नोंद त्यांनी केली. म्हणजे एक उपाय त्या पहिल्या निरीक्षणातच होता. पण तो कष्टाचा होता, आणि त्याच सुमारास माशाच्या तेलाचे नाव होऊ लागले होते.

१९८१ मध्ये एक प्रयोग गाजला. ज्या जातीच्या उंदरांची मूत्रपिंडे त्यांच्याच रोगप्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने निकामी होतात, त्यांना समुद्री तेलातले हे मेदाम्ल दिले. प्रथिन जाणे थांबले आणि उंदीर जास्त जगले. १९८७ मध्ये नेमके उलटे दिसले. मूत्रपिंडाचा बराचसा भाग काढून टाकलेल्या उंदरांत माशाच्या तेलाने उरलेल्या भागाची हानी वाढली. १९९१ मध्ये पाळी आली झुकर जातीच्या उंदरांची. हे उंदीर जन्मजात दोषामुळे लठ्ठ होतात. त्यांच्यात तेलाने मूत्रपिंडाची हानी कमी झाली. तेल तेच, आजार तीन, उत्तरे दोन.

लठ्ठ माणसावर मात्र अजून काही तपासलेले नव्हते. मोठी बातमी १९९४ मध्ये आली, तीही वेगळ्याच आजाराची. आयजीए नेफ्रोपथी या विकारात शरीराचीच प्रतिपिंडे गाळणाऱ्या पुंजक्यांत साचतात. मेयो क्लिनिकचे जेम्स डोनाडिओ आणि सहकाऱ्यांनी अशा १०६ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षे रोज १२ ग्रॅम माशाचे तेल दिले, उरलेल्यांना ऑलिव्ह तेल. मूत्रपिंडाचे काम ठळकपणे ढासळलेल्यांचे प्रमाण तेलाच्या गटात ६ टक्के, दुसऱ्या गटात ३३ टक्के. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही आशा वाटावी असेच हे आकडे होते. पण त्याच आजारावर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही.

लठ्ठपणाच्या सर्वात जवळ गेलेली मोठी चाचणी २०१९ ची. टाइप-२ मधुमेह असलेल्या १३१२ अमेरिकी प्रौढांवर ती झाली. या मधुमेहात लठ्ठपणा बहुधा सोबतच असतो. रोज एक ग्रॅम ओमेगा-३ पाच वर्षे देऊनही मूत्रपिंडांची झीज लक्षणीयरीत्या कमी झाली नाही.

दरम्यान मूळ कथेलाही तडे गेले होते. २०१४ मध्ये कॅनडाचे हृदयरोगतज्ज्ञ जॉर्ज फोडोर यांनी दाखवून दिले, की बांग आणि डायरबर्ग यांनी इनुइटांमधला हृदयविकार स्वतः मोजलाच नव्हता. २०१५ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळले, की पिढ्यान्‌पिढ्या समुद्री चरबीवर जगलेल्या या लोकांच्या शरीरात मेद हाताळण्याची वेगळी घडणच तयार झाली आहे. त्यांच्यावरून इतरांविषयी अनुमान काढणे म्हणूनच धोक्याचे.

म्हणजे सगळे फोल होते का? तसेही नाही. २०२३ मध्ये १२ देशांतले १९ अभ्यास एकत्र करून २५ हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. ज्यांच्या रक्तात माशांतून येणारी ही मेदाम्ले जास्त, त्यांना मूत्रपिंडाचा दीर्घ आजार थोडा कमी झाला. पण असे लोक आणखी काय खातात, कसे राहतात, याचाही त्यात वाटा असू शकतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावरचा बांगडा किंवा तारली ताटात आली, की त्या जागी दुसरे काहीतरी कमी होते. गोळी आधीच भरलेल्या ताटावर येऊन पडते.

मेडिकलच्या दुकानातल्या बाटलीवर प्रश्नचिन्ह नसते. बांग आणि डायरबर्ग यांनी ते लिहिले होते. १९७४ च्या रुग्णांची गळती कमी झाली ती वजन उतरल्यावर, हेही तेव्हाच लिहून ठेवलेले आहे. पन्नास वर्षांत या दोन नोंदींपैकी एकीचे चिन्ह पुसले गेले आणि दुसरी कोणी फारशी वाचली नाही.